अण्णाचं 'वांगो'

अण्णा गेला तेव्हा मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत त्याच्याच हयातीच्या दाखल्यातली नावाची चूक दुरुस्त करून घेत होते. खिडकीपलीकडचा कारकून अण्णाच्या हाताखाली तयार झालेला. त्यानं विचारलं, "सार् कसे आहेत?" मी म्हटलं, "ठणठणीत. सकाळी इडल्या खाऊन वर डोसा मागितला." शिक्का मारून घेतला, कागद पिशवीत घातला, बसस्टँडकडे वळले आणि फोन वाजला. तंजावूरच्या आमच्या घरासमोर राहणारी मलर होती. वय वर्षं आठ, आणि आईचा फोन कायम हिच्याच हातात. "आत्तै," ती म्हणाली, "तोणी तात्ता ऊंजलवर झोपलेत. मी हाक मारली, उठत नाहीत. अम्मा रडते आहे." आत्तै म्हणजे आत्या, ती मी; तोणी तात्ता हे मुलांनी अण्णाला दिलेलं नाव; आणि ऊंजल म्हणजे आमच्या माजघरातला फळीचा झोपाळा. दुपारी तिथं आडवं व्हायची अण्णाची सवय होती. मी म्हटलं, "अम्माला फोन दे." पण अम्माच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हाच मला कळलं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत अण्णा हयात असल्याचा कागद, नाव आता अगदी बिनचूक... शेजारच्या बाईनं मला फुलं विकत घेणार का विचारलं आणि मी घेतली. लागणारच होती.

मी अंबा. अण्णा, म्हणजे सेतुराव, माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. आमचं घराणं तंजावूरच्या मराठा राजांच्या काळी इकडे आलं आणि इकडचंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी लग्न होऊन पुण्याला गेले आणि तिथल्या एका विमा कचेरीत मृत्यूचे दावे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. देवनागरी मी तिथंच शिकले. अण्णाला मराठी लिहिता-वाचता येत नव्हतं. हा लेख मी वाचून दाखवला असता तर तो म्हणाला असता, "अंबू, ते पुणेरी सोड, माणसासारखं बोल." तो स्वतः 'कोठे', 'जाहलं', 'करितो' असं बोलायचा. एकदा पुण्याला आला होता, तेव्हा रिक्षावाल्याला म्हणाला, "आपण कोठे उभे राहिला आहां?" रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं होतं, "काका, नाटकात काम करता का?" नवरा गेल्यावर आणि मुलगी तिच्या संसाराला लागल्यावर मी लवकर निवृत्ती घेऊन तंजावूरला परत आले. अण्णानं लग्न केलं नव्हतं. मोठं घर, एक माणूस, आणि फ्रिजमध्ये तीन प्रकारची लोणची. मी आल्याबरोबर पहिल्यांदा तो फ्रिज साफ केला.

त्याच्याविषयी सांगायचं तर त्याच्या 'वांगो'पासून सुरुवात करायला हवी. तमिळमध्ये लहान मुलाला, मित्राला, घरच्या माणसाला बोलवायचं तर 'वा' म्हणतात, म्हणजे 'ये'. मोठ्या माणसाला, पाहुण्याला 'वांगो', म्हणजे 'या'. अण्णा सरसकट सगळ्यांना 'वांगो' म्हणायचा. भाजीवालीच्या कडेवरच्या पोराला वांगो. ऑटोवाल्याला वांगो. ऑटोवाला एकदा मला म्हणाला, "सार् मला वांगो म्हणतात, अम्मा. माझी सासूसुद्धा म्हणत नाही." कोपऱ्यावर एक लंगडं कुत्रं बसायचं, त्याला रोज संध्याकाळी उरलेला भात. "वांगो सार्, वांगो, उशीर जाहला का?" आणि ते कुत्रं खरोखर एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यासारखं सावकाश उठून यायचं. अमावास्येला पितरांसाठी कावळ्याला भात ठेवतात, तेव्हा सगळा रस्ता गच्चीवरून 'का, का, वा' असं ओरडत असतो. आमच्या गच्चीवरून तेवढं 'का, का, वांगो'. गल्लीतली मुलं हसायची. थोरली माणसं म्हणायची, सेतुराव म्हणजे जुन्या राजवाड्यातला माणूस, मान देणं रक्तातच आहे. मलाही तसंच वाटायचं. चांगला स्वभाव असतो एकेकाचा, त्यात शोधण्यासारखं काय आहे?

मराठीत मात्र तो कंजूष होता, आणि हे मला लहानपणापासून खुपायचं. आमच्या अप्पांची शाबासकीची एकच पद्धत होती. काही चांगलं झालं की मान किंचित तिरकी करून म्हणायचे, "वा!" कीर्तनात बसले तरी तेच, आमटी जमली तरी तेच. अप्पांचा तो 'वा' मिळाला की आठवडाभर पुरायचा. अण्णाकडून मला तो कधी मिळाला नाही. मॅट्रिकला चांगले गुण पडले तेव्हा "बेस". पुण्यात बढती मिळाली तेव्हा फोनवर "बेस आहे, अंबू". आणि जेवताना अप्पांनी माझ्याकडे पाहून 'वा' म्हटलं की अण्णा पाणी आणायला उठायचा. पाण्याचा तांब्या समोरच असायचा. पण सवयीच्या गोष्टी माणूस पाहत नाही.

माजघरात ऊंजलच्या समोर गोपीचा फोटो आहे. गोपी आमचा मधला भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही. तो सहा वर्षांचा असताना कावेरीत बुडाला आणि पुढच्या वर्षी मी जन्मले. तमिळ आडी महिन्याच्या, म्हणजे साधारण आषाढाच्या, अठराव्या दिवशी कावेरीला नवं पाणी येतं, तेव्हा घरोघरची माणसं भाताचे डबे घेऊन नदीवर जातात. मुलं लाकडाचे छोटे रथ दोरीनं ओढत नेतात. आमचं घर त्या दिवशी तिरुवैयारुला गेलं होतं. गोपी पायरीवरून घसरला. घरात याबद्दल एवढाच शब्द होता, 'घसरला'. आईनं कधी जास्त सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आडीचा अठरावा दिवस आला की आमच्याकडे सगळ्या प्रकारचे भात व्हायचे आणि घरातच खाल्ले जायचे.

अण्णाचा आवाज चांगला होता. खालच्या पट्टीतला, उबदार, घाई नसलेला. नोकरी कचेरीतली, पण देवळाच्या उत्सवात माइक त्याच्याकडे असायचा, हरवलेल्या मुलांच्या सूचना द्यायला. बाकीचे लोक ओरडतात, "लाल शर्टाचा मुलगा, पालकांनी घेऊन जावा." अण्णा सांगायचा, "पिवळा झगा घातलेल्या एक बाई आमच्याकडे आल्या आहेत. नाव सांगत नाहीत, पण लाडू खात आहेत. आईवडिलांनी सावकाश यावं, आम्ही कोठे जात नाही." रडणारं पोरसुद्धा स्वतःला 'बाई' म्हटलेलं ऐकून गप्प व्हायचं. शेवटचं मूल आपल्या माणसांच्या हातात गेल्याशिवाय अण्णा मंडपातून हलायचा नाही. मी जेवण झाकून बसायचे आणि आल्यावर म्हणायचे, "देवस्थानानं तुला दत्तक घेतलंय का?" तो म्हणायचा, "घेतील तर बरं. तेथे प्रसाद तरी गरम मिळतो."

तिथंच नित्यानं त्याला ऐकलं. ही मूळची तंजावूरचीच मुलगी. चेन्नईला परभाषेतल्या मालिकांना तमिळ आवाज बसवून घेण्याचं काम करते. उत्सवाला आली होती. माइकपाशी येऊन म्हणाली, "सार्, तुमचा आवाज मला पाहिजे." अण्णा म्हणाला, "मग मी घरी काय घेऊन जाऊ?" पण तो गेला. पहिले काही भाग चेन्नईला जाऊन केले. मग नित्यानं सांगितलं, घरूनही करता येईल. आमच्या भाताच्या कोठीत आता भात नसतो. त्या खोलीच्या चारी भिंतींना मी गोधड्या ठोकून दिल्या, लहानसा माइक आला, माझ्या जावयानं संगणक जोडून दिला. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. अण्णा जपानी ॲनिमे करू लागला.

मला ती मोठ्या डोळ्यांची चित्रं आधी सगळी एकसारखी दिसायची. पण ही गोष्ट मी पाहिली, कारण जेवताना दुसरं काही बोलणंच नसायचं. डोंगरातलं एक गाव, मधून नदी, आणि माणसांना पलीकडे नेणारा एक म्हातारा नावाडी. सगळ्यांशी थट्टा करणारा, प्रत्येक उतारूला भाजलेलं रताळं देणारा. पण लहान मुलांना तो नावेत घेत नाही. मुलांना खांद्यावर बसवून लांबच्या पुलावरून चालत पलीकडे पोचवतो, वाटेत गोष्टी सांगतो. पोरांना नावेपेक्षा तेच आवडतं. तमिळमध्ये नावेला तोणी म्हणतात, आजोबांना तात्ता. मुलांनी नाव ठेवलं तोणी तात्ता. पहिल्याच भागात नावाडी एका छोट्या मुलाला हाक मारतो, तिथं कागदावर 'वा' लिहिलेलं होतं. अण्णा म्हणाला 'वांगो'. नित्या फोनवरून म्हणाली, "सार्, सहा वर्षांच्या पोराला वांगो?" अण्णा म्हणाला, "हा नावाडी असाच बोलतो." तिनं राहू दिलं. आणि त्या 'वांगो'नं कमाल केली. मुलं शाळेत एकमेकांना वांगो म्हणू लागली. शेळ्यांना म्हणू लागली. मलर आणि तिच्या टोळीला शोध लागला की तोणी तात्ता आपल्याच रस्त्यावर राहतात, तेव्हापासून आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सभा भरू लागली. अण्णा आतून आवाज द्यायचा, "कोण आलं आहे? वांगो, वांगो!" आणि बाहेर एकच गोंधळ. मी कपाळाला हात लावायचे आणि मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकलीचा, डबा उघडायचे. खाण्याच्या बाबतीत नावाड्याशी बरोबरी करणं भाग होतं.

मालिका पुढे गेली आणि नावाड्याची जुनी गोष्ट बाहेर आली. तरुणपणी त्यानं एकदा गंमत म्हणून मुलांना भरल्या पाण्यात नेलं होतं आणि त्यातलं एक परत आलं नव्हतं. त्यानं कोणाला सांगितलेलं नसतं. ती सगळी रताळी, ते खांद्यावरून नेणं... असं होतं तर. अण्णानं तो भाग व्यवस्थित केला, नित्यानं कौतुकही केलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मी म्हटलं, पित्त झालं असेल. मग पोंगलनंतर शेवटच्या भागाचे कागद आले. पुरानं पूल वाहून गेलेला, एक लहान मुलगी काठावर एकटी, भीतीनं थिजलेली. आता नावेशिवाय मार्ग नाही. नावाडी हात पुढे करतो आणि तिला बोलावतो. एवढंच. एका शब्दाचं काम. अण्णानं नित्याला कळवलं, दुसरा माणूस पाहा.

नित्यानं मला फोन केला. "मॅडम, माझं काही चुकलं का? मुलं हा आवाज ओळखतात. शेवटच्या भागात दुसराच कोणी तिला बोलावणार, असं कसं चालेल? मला या आठवड्यात पाठवायचं आहे." मी विचारलं, अडचण काय आहे? ती म्हणाली, "चेहरा जवळून दाखवलाय. तोंड एकदाच उघडतं आणि तसंच राहतं. पडद्यावर जेवढी उघडझाप, तेवढीच अक्षरं बसतात. 'वांगो' बसत नाही. 'गो'ला ओठ गोल होतात. तिथं 'वा'च लागतो. मी सांगितलं, तर गप्प झाले."

मी अण्णाकडे गेले. दुपारची वेळ, तो ऊंजलवर बसून पायाच्या अंगठ्यानं झोके घेत होता. मी शेवग्याचा पाला घेऊन खाली बसले. हातात काम असलं की मला नीट बोलता येतं. म्हटलं, "एका अक्षरासाठी त्या पोरीचं काम अडवून ठेवलंस. म्हणून टाक की."

"नाही म्हणवत."

"घसा बसलाय का?"

"नाही."

"मग? एवढा मान कोणाकोणाला देणार आहेस? ती चित्रातली मुलगी आहे, अण्णा. तिला 'वा' म्हटल्याचं वाईट वाटणार नाही."

त्यानं अंगठा जमिनीला टेकवला. झोका थांबला. मग म्हणाला, "अप्पा 'वा' म्हणत, आठवतं तुला?"

"न आठवायला काय झालं? तू कधी म्हणाला नाहीस, तेही आठवतं."

"गोपीला दोन्ही येत असत," अण्णा म्हणाला. "मराठीही, तमिळही. बाहेर आम्ही दोघं तमिळच बोलत असू. नदीवर मी त्यास बजावलं होतं, मी 'वा' म्हणेपर्यंत पाण्यात यायचं नाही. मी छातीइतक्या पाण्यात होतो. तो वरच्या पायरीवर, रथ घेऊन. त्यास तो रथ पायऱ्यांवरून खाली आणायचा होता, न कलंडू देता. एकेक पायरी, एकेक पायरी... दोरी सांभाळून. जीभ बाहेर काढून. आणि आणला ग त्यानं. शेवटच्या पायरीपर्यंत आणला. मजला इतका आनंद जाहला. मी अप्पांसारखं म्हटलं, 'वा! वा!'"

मी पाला निवडायची थांबले होते.

"त्यानं दोरी सोडली आणि आला," अण्णा म्हणाला. "हसत आला. मी हात केले, पण त्या बाजूनं ओढ होती. हातास लागला नाही. सगळे म्हणाले, घसरला. मीही म्हटलं, घसरला. तो घसरला नव्हता, अंबू. मी बोलावलं म्हणून आला."

मी कचेरीत इतके कागद तपासले. मृत्यूचं कारण लिहायला तिथं एक रकाना असतो. 'पाय घसरून' हे शब्द मी किती वेळा वाचले असतील आणि खाली सही केली असेल. त्या एका शब्दामागे कोणी कोणाला काय म्हणालं होतं, ते विचारायचं कामच नसतं... मी समोरच्या फोटोकडे पाहिलं. गोपीचे दात पडलेले आहेत आणि तो दात न दाखवता हसण्याचा प्रयत्न करतो आहे. मला एकेक करून सगळं दिसायला लागलं. कुत्रं, कावळा, ऑटोवाला, भाजीवालीचं पोर. एवढ्या वर्षांत या माणसानं एकदाही कोणाला तो शब्द म्हटला नव्हता, दोन्हीपैकी कुठल्याच भाषेत. आणि सगळं गाव त्याला सौजन्य समजत होतं. पुढे मी त्याबद्दल विचार केला, तेव्हा मला असंही वाटलं की ते सौजन्यच होतं. सुरुवात कशातूनही झाली असो, त्या कुत्र्याला इतकी वर्षं मान मिळाला तो खराच.

सांत्वन मला जमत नाही. मी म्हटलं, "सहा वर्षांचं पोर पाणी पाहून आपण होऊनही येतं."

"तो येत नसे. तो ऐकणारा होता."

"बरं. आला. तू बारा वर्षांचा होतास आणि तू त्याला शाबासकी दिलीस. खुश होऊन दिलीस ना?"

"हो."

"त्याला काय ऐकू आलं ते तुला कोणी सांगितलं? ये म्हटलं असं ऐकू आलं असेल. शाबास म्हटलं असंही आलं असेल, आणि त्या भरात धावला असेल. तुला माहीत नाही. मलाही नाही." अण्णा माझ्याकडे पाहत राहिला. मी पुढे म्हटलं, "काठावरची ती मुलगी उभी आहे. पूल गेलाय. तिला कोणीतरी बोलवायला पाहिजे. तू नाही म्हणालास तर नित्या दुसरा माणूस आणेल, तो 'वा' म्हणेल आणि ती नावेत बसेल. पण तिला त्या माणसाची ओळख नाही. बाकी तू ठरव. मी कॉफी टाकते."

तो स्वयंपाकघरात आला. कॉफी प्यायला. टंबळर विसळून पालथा घातला, जो तो कधी घालत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, गंध लावून तो कोठीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अंबू, कुकर लावू नकोस. आवाज येतो."

मी दाराशी स्टूल टाकून बसले. पंखा बंद, पाण्याची मोटार बंद. भाजीवालीला रस्त्यातच थांबवून खुणेनं पुढे पाठवलं. आतून ऐकू येत होतं. नित्या त्याच्या हेडफोनमधून आकडे मोजत असणार, मग शांतता, आणि अण्णा म्हणायचा, "वांगो." पुन्हा शांतता. "वांगो." एकदा तर "व..." एवढंच, आणि खोकला. नित्यानं त्याला घाई केली नाही, याबद्दल मी त्या मुलीची कायमची आभारी आहे. दाराच्या फटीतून मला तो पाठमोरा दिसत होता. त्यानं चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, संपलं, आता बाहेर येईल. त्याऐवजी त्यानं उजवा हात पुढे केला, त्या लहानशा खोलीत, गोधडीच्या दिशेनं, कोणीतरी वरच्या पायरीवर असावं तसा. आणि म्हणाला, "वा."

खोलीला गोधड्या असल्यामुळे तिथं कुठलाच आवाज घुमत नाही. शब्द बोलला आणि संपला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "नित्याम्मा, बसलं का?" तिकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. अण्णा म्हणाला, "रडू नका. आणखी एकदा म्हणू का?" आणि मग, "नको? सरी, बरं."

बाहेर येऊन तो म्हणाला, "आता कुकर लाव. भूक लागली आहे." त्या दिवशी मी डांगर पचडी केली होती, उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती, आमच्या लोकांची आवडती. अण्णानं पहिला घास घेतला, मान किंचित तिरकी केली, थेट अप्पांसारखी, आणि म्हणाला, "वा!"

मी चाखून पाहिली. मीठ जास्त झालं होतं. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "असू दे ग. साचलेले आहेत माझ्याकडे, कोठे तरी खर्च करायचे."

त्यानंतर तो काही महिनेच होता. तेवढ्यात त्यानं ते भरपूर खर्च केले. माझ्या रसमला, गल्लीतल्या पोराच्या सायकलला, ऑटोवाल्याच्या नव्या हॉर्नला. कुत्र्याला मात्र शेवटपर्यंत 'वांगो'च. मी विचारलं तर म्हणाला, "त्यांना आता सवय जाहली आहे. उगाच अपमान वाटेल." आडी महिना आला की या वर्षी तिरुवैयारुला डबे घेऊन जाऊ, असं त्यानंच सुचवलं होतं. मी हो म्हटलं होतं. ते राहून गेलं.

शेवटचा भाग तो गेल्यानंतर आला. मलर आणि तिची टोळी दारात येऊन उभी राहिली. त्यांना तो ओट्यावर पाहायचा नव्हता, तात्तांच्या खोलीत पाहायचा होता. गोधड्या काढून धुवायच्या हे मी त्याच आठवड्यात ठरवलं होतं, पण मनात म्हटलं, आज राहू दे. सगळी त्या कोठीत दाटीवाटीनं बसली. फोन पेल्याला टेकवून ठेवला. पूर आला, पूल गेला, मुलगी काठावर उभी राहिली. नावाड्यानं हात पुढे केला. त्या खोलीत त्याचा आवाज पुन्हा एकदा, तेवढाच, एक अक्षर. मुलगी नावेत बसली. मी दाराशी स्टुलावर होते आणि मला मुलांसारखं फक्त 'ये' असं ऐकू आलं नाही. एवढंच सांगते.

संपल्यावर मलरनं विचारलं, "आत्तै, तात्तांनी तिला वांगो का नाही म्हटलं? रागावले होते का?"

मी म्हटलं, "नाही ग. परक्यांना वांगो म्हणतात. आपल्या माणसाला वा म्हणतात."

तिनं थोडा विचार केला. पटलं असावं. मुरुक्कू घेऊन गेली.

गोधड्या अजून तिथंच आहेत. पावसाळ्याआधी काढल्या नाहीत तर त्यांना कुबट वास लागेल, हे मला कळतं. कोठीचं दार मी रोज सकाळी हवेसाठी उघडते आणि संध्याकाळी लावते. संध्याकाळी ओट्यावर पावलं वाजतात. पूर्वी मी आतून ओरडायचे, "काय पाहिजे?" काल मलर एकटीच आली होती. उंबऱ्याबाहेर चपला काढून, आत यावं की नाही अशी उभी होती. आता घरात तात्ता नाहीत, आत्तै तेवढी आहे, आणि आत्तैचा स्वभाव तिला माहीत आहे. माझे हात पिठाचे होते. मी तसाच एक हात पुढे केला आणि म्हटलं, "वा."

ती आत आली.